बारा मिलिमीटरचं भोक

मशीन मारायचं कसं, हे मिस्त्रीला एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने त्या माणसाला दरवाजा दाखवला असता. त्याचं काम मशिनं जगवायचं. शिलाई मशिनं बनवणारी ती कंपनी म्हणजे चाळीसेक देशांत पसरलेलं मोठं प्रस्थ, आणि तिच्या या सर्व्हिस सेंटरच्या मागच्या खोलीत, लांबलचक टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून बसलेला हा एक माणूस. गंजलेलं, पाण्यात बुडालेलं, पोरांनी चाकात चमचा घालून अडकवलेलं, कसलंही मशीन आणा. मिस्त्री ते उघडणार, नाक मुरडणार, "कुणी हात लावला होता याला?" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटणार आणि दुसऱ्या दिवशी सुरू करून देणार.

आणि अशा माणसाला कंपनीने काम काय द्यावं? तर भोकं पाडायचं!

झालं होतं असं. कंपनीने एक योजना काढली. जुनं मशीन आणून द्या, नव्यावर सवलत घ्या. जुनं भट्टीत जाणार, त्याचं लोखंड वितळून पुन्हा वापरात येणार, म्हणजे तेवढं लोखंड जमिनीतून नव्याने खणायला नको. योजना काही वाईट नव्हती हो. दुकानाचंही भलं आणि जमिनीचंही भलं, एका दगडात दोन पक्षी. आणि ज्यांच्या डोक्यातून ती निघाली त्या विभागीय कार्यालयातल्या मॅडम तर अगदी मनापासून त्यात होत्या. तिशी ओलांडलेल्या, भरभर चालणाऱ्या, पाण्याची बाटली स्वतःची स्वतः भरून आणणाऱ्या. वरिष्ठांना पटवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. शेवटी वरिष्ठ पटले, पण एका अटीवर. परत आलेली मशिनं मागच्या दाराने पुन्हा बाजारात आली, तर नवी घेणार कोण? म्हणून प्रत्येक जुन्या मशीनला आरपार बारा मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्याचा फोटो काढायचा, नंबर कॉम्प्युटरात घालून पुढे 'नष्ट' असं लिहायचं आणि मगच ते भट्टीच्या ट्रकमध्ये चढवायचं.

भोक कुठे पाडायचं? तर त्याचं चित्र होतं. मॅडमनी स्वतः काढलेलं. मशीनची बाह्याकृती आणि तिच्यावर एक लाल ठिपका. मॅडमनी ते आपल्या हाताने मिस्त्रीच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलं.

मिस्त्रीने चष्मा वर केला, चित्राजवळ गेला, आणि त्याला हसूच आलं. ठिपका होता मशीनच्या बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात. सपाट जागा, ड्रिल बसवायला सोपी, फोटोत छान दिसणारी. पण त्या जागेखाली काही म्हणजे काहीसुद्धा नव्हतं. ना शाफ्ट, ना दांडा, ना शटल. तिथे भोक पाडलं तर मशीनला गुदगुल्यादेखील व्हायच्या नाहीत. मशीन कधी आतून पाहिलं नाही, अशाच माणसाने तिथे ठिपका दिला असता.

"मिस्त्री, या भोकाने मशीन कामातून जाईल ना?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी निर्धास्त."

उत्तर मिस्त्रीच्या ओठांवर होतं. पण त्याच वेळी टेबलावर योजनेतलं पहिलं मशीन ठेवलेलं होतं, काळं, जुनं, आणि त्याचं चाक त्याने नुकतंच एकदा फिरवून पाहिलं होतं. लोण्यासारखं फिरत होतं.

"चित्राप्रमाणे करतो, मॅडम," तो म्हणाला.

"तुमच्यावर भरवसा आहे, म्हणून विचारलं," मॅडम म्हणाल्या आणि भरभर निघून गेल्या.

बस, एवढंच. यात खोटं काही नव्हतं. पण मिस्त्रीच्या मनात त्या दिवशी जे कुसळ घुसलं ते काही निघेना.

या धंद्यात एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. मशीनच्या पाठीमागे एक गोल झाकणी असते, एकाच स्क्रूवर बसलेली. दुरुस्ती झाली की त्या झाकणीच्या आतल्या बाजूला टोच्याने तारीख कोरायची आणि पुढे आपली खूण. काम ज्याने केलं त्याची खूण. दुसऱ्याच्या कामावर आपली घालायची नाही आणि आपलं काम खुणेवाचून सोडायचं नाही. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं. पण मिस्त्री लोक झाकणी उघडतात आणि मशीनचा सगळा इतिहास वाचतात. आपल्या मिस्त्रीची खूण होती दोन उभ्या रेघा आणि वर एक टिंब. त्याला ज्यांनी हे काम शिकवलं ते मोठे मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची खूण त्रिकोण.

आता गंमत बघा. भोक पाडायला मशीन टेबलावर आलं की याचा हात आधी झाकणीकडेच जायचा. झाकणी उघडली की आत पाच, सात, कधी अकरा तारखा, आणि त्यांतल्या निम्म्या त्याच्याच. कुठे वर मोठ्या मिस्त्रींचा त्रिकोण. मग हा कापसाने धूळ पुसणार, चाक फिरवून बघणार, कुठे कुरकुर वाटली तर तेलाचे दोन थेंब सोडणार. मग ड्रिल घेऊन चित्राप्रमाणे, अगदी सुतासारखं, लाल ठिपक्यावर भोक. आणि शेवटी झाकणीवर आजची तारीख, दोन रेघा, टिंब. मारायच्या मशीनला तेल घालणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? पण हा घालायचा. एकदा नव्हे, चौदा महिने, सोळाशेच्या वर मशिनांना.

बायकोपाशी मात्र त्याने एकदा मन मोकळं केलं.

"अहो, मग त्यात तुमचं काय चुकलं?" बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "चित्राप्रमाणे करतो म्हणालात, चित्राप्रमाणे केलंत. खोटं कुठे बोललात?"

"अगं, तेच तर. खोटं बोललो असतो तर एकदा बोलून मोकळा झालो असतो. हे रोज बोलल्यासारखं होतंय."

"मग सांगून टाका त्यांना."

"ट्रकमध्ये चढलेली सगळी भट्टीपर्यंत पोचत नाहीत, वाटेत भंगारात उतरतात, हे ऐकून आहे मी. सांगितलं की ठिपका हलणार. आणि हलला की मी सोळाशे मशिनं जगवली तशी पुढची सोळाशे मारणार. याच हातांनी."

बायकोने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आणि नाही सांगितलंत आणि उद्या कुणाच्या लक्षात आलं, तर त्या पोरीची नोकरी जाईल," ती म्हणाली. "चित्र तिचं आहे. भरवसा तुमच्यावर ठेवला होता तिने."

 बायकोचं हे असं असतं. माणूस जे स्वतःला सांगायचं टाळतो ते ती घड्या घालता घालता सांगून टाकते.

आणि मग व्हायचं तेच झालं. मुख्य कार्यालयाकडून पत्र आलं. कंपनीचा वार्षिक अहवाल निघणार आहे, या योजनेचा आकडा पहिल्याच पानावर छापायचा आहे, म्हणून तो पडताळून बघायला बाहेरच्या संस्थेचे तपासनीस येत आहेत. गुरुवारी सकाळी दहा वाजता. मॅडम मंगळवारीच येऊन हजर झाल्या. सगळं ठीकठाक आहे ना ते बघायला. त्या खुशीत होत्या. ही तपासणी पार पडली की त्यांना बढती मिळणार होती, आणि ही योजना आणखी सहा देशांत त्याच नेणार होत्या.

"मिस्त्री, तुमचे आभार मानायचे राहिलेत," त्या म्हणाल्या. "इतकं एकसारखं काम कुठल्याच सेंटरवर नाही. बाकीचे कुठेही भोकं पाडतात. तुमचं एकही भोक ठिपक्यावरून हललेलं नाही."

मिस्त्रीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात बाहेरच्या काउंटरवर आवाज चढला. काउंटरवर बसायचा तो पावतीशेठ. खरं नाव कुणाच्या लक्षात नाही. शिंक आली तरी तो पावती फाडेल, म्हणून सगळे त्याला पावतीशेठ म्हणत. आज मात्र पावतीच निघत नव्हती.

"बाई, मी काय करू? कॉम्प्युटर म्हणतो हे मशीन नाहीच आहे."

"नाही म्हणजे? मग हे मी खांद्यावरून काय आणलं?"

समोर एक बाई उभी होती. कापडी पिशव्या शिवून दुकानांना पुरवणारी, हे तिच्या खांद्यावरच्या गठ्ठ्यावरूनच कळत होतं. काउंटरवर तिचं मशीन. काळं, जुनं, पुसून चकचकीत केलेलं. आणि बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात एक भोक. त्यात तिने लाकडाची खुंटी ठोकून वर काळा रंग लावला होता.

"नंबर टाकला की 'नष्ट' येतंय," पावतीशेठ घाम पुसत म्हणाला. "नष्ट झालेल्या मशीनची पावती मी कशी देऊ? मला वर उत्तर द्यावं लागतं."

"नष्ट झालेलं मशीन दिवसाला शंभर पिशव्या शिवतं होय रे दादा?" बाई भडकली. "फक्त दोरा तुटतोय म्हणून आणलंय. माझ्या आळीत अशी भोकवाली आठ-दहा मशिनं आहेत. भट्टीच्या वाटेवरच्या भंगारवाल्याकडे मिळतात. सगळी चालतात. एवढी छान चालतात, तेलपाणी केलेली!"

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या पुढे आल्या, वाकून त्या खुंटीवर बोट फिरवलं, मग हाताने चाक फिरवलं. सुई वर आली, खाली गेली, वर आली. मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आत या."

आतल्या खोलीत त्यांनी दार लोटलं आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "या ठिपक्याखाली काय असतं?"

"काही नाही, मॅडम."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

आता काय लपवायचं? "तुम्ही चित्र चिकटवलंत तेव्हाच."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मिस्त्रीला सोसलं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. 

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणालाही विचारलं नव्हतं. तुम्हालाच विचारलं होतं ना?"

"हो."

"मला मूर्ख बनवायचं होतं?"

"नाही हो, मॅडम! आईशप्पथ नाही." मिस्त्रीचे डोळे भरले. "मला ती मारवेनात. एवढंच. तुमचा विचारच केला नाही मी. तिथेच चुकलं माझं."

त्याने टेबलाखालून भोक पाडलेलं एक मशीन काढलं, झाकणीचा स्क्रू फिरवला आणि झाकणी त्यांच्या हातात दिली. तारखा दाखवल्या. दोन रेघा, टिंब. हा त्रिकोण मोठ्या मिस्त्रींचा. ही शेवटची तारीख भोक पाडलं त्या दिवसाची. मॅडमनी ती झाकणी उजेडात धरून खालपासून वरपर्यंत वाचली.

"भोक पाडलं त्या दिवशीसुद्धा तेल घातलंत?"

"सवय."

आणि मॅडमना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मिस्त्रीला कळेना, आता आपण हसावं की काय करावं.

"आम्हाला अभ्यासात पहिल्याच धड्यात शिकवलं होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "वस्तू आधी दुरुस्त करा. अगदीच होईना तर वितळवा. मला हे पाठ होतं हो. पण दुरुस्त करा म्हटलं की नवी विकायची कशी, असं वरून विचारतात. मग मी वितळवण्यावर भागवलं. म्हटलं, काहीच नाही त्यापेक्षा एवढं तरी." त्यांनी झाकणी परत दिली. "त्या बाईंचा दोरा का तुटतोय ते बघा आधी. पावती हाताने लिहून द्या म्हणावं."

"आणि गुरुवारचं?"

"गुरुवारी तपासनीस तुम्हाला विचारतील. काय बोला, काय बोलू नका, हे मी सांगणार नाही. मला ते जमायचं नाही." आणि त्या गेल्या. या वेळी भरभर नव्हे, हळूहळू.

बुधवारचा दिवस मिस्त्रीने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक.  सरळ हिशोब करावा तर गप्प राहण्यातच सगळ्यांचं भलं दिसत होतं. मॅडमची बढती राहणार, मशिनं जगणार, त्याची निवृत्ती अकरा महिन्यांवर आलेली, तीही बिनबोभाट होणार. फक्त एकच वाक्य पुन्हा एकदा बोलायचं होतं, आणि ते तर त्याला पाठच होतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला तपासनीस आला. वयस्क, शांत, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस. तो काही वाईट नव्हता. काम चोख करणारा होता, एवढंच. त्याने कॉम्प्युटरातले नंबर आणि फोटो ताडून पाहिले. सगळे जुळले. मग गोदामात भट्टीच्या ट्रकची वाट बघत शंभर मशिनं ठेवलेली होती, ती मोजली. शंभर भरली. भोकाला माप लावलं. बारा मिलिमीटर. चित्र पाहिलं, भोक पाहिलं. जागा तंतोतंत तीच.

"वा," तो म्हणाला. "इतकं नीटनेटकं काम माझ्या बघण्यात नाही." त्याने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि चष्म्यावरून मिस्त्रीकडे बघितलं. "एक शेवटचा प्रश्न, नियमाप्रमाणे विचारावा लागतो. या भोकाने मशीन कायमचं निकामी होतं ना?"

मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"चित्राप्रमा..." मिस्त्रीने सुरुवात केली. त्याने मॅडमकडे पाहिलं. पोरीने जीव मुठीत धरला होता, आणि तरी तिने त्याला एक शब्द पढवला नव्हता. हे आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांबा," तेवढ्यात मॅडमच बोलल्या. "चित्र चुकलंय. ते चित्र माझं आहे. या भोकाने काही होत नाही."

"आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मिस्त्री घाईघाईने म्हणाला, कुणी आपल्या आधी बोलेल या भीतीने. "यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही. म्हणजे यांची चूक नकळत झाली, माझी कळून."

तपासनिसाचं पेन वरच्या वर राहिलं. मिस्त्रीने एक मशीन उचलून टेबलावर ठेवलं, बॉबिन घातली, दोरा ओवला आणि चिंधीचे दोन तुकडे जोडून दाखवले. टाका कसा, मोत्यासारखा. तपासनिसाने ती चिंधी दोन्ही हातांनी ताणून बघितली. उसवली नाही.

"आता मी हे काय लिहू?" तो बिचारा म्हणाला.

"जे आहे ते लिहा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मान वर केली होती.

वरून निर्णय यायला पाच आठवडे लागले. मोठ्या घरचा कारभार, तिथे हो म्हणायला एक सभा आणि नाही म्हणायला दोन. अहवालाच्या पहिल्या पानावरचा आकडा काढून टाकला. चुकीची कबुली आतल्या पानावर छापली, बारीक अक्षरात का होईना, पण छापली. मिस्त्रीला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मॅडमची बढती गेली, सहा देश गेले. पण मॅडमनी त्या पाच आठवड्यांत वरिष्ठांची पाठ सोडली नव्हती. रोज एक पत्र. चालू मशीन वितळवणं म्हणजे आपल्याच तोंडाने आपलीच चेष्टा करून घेणं आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. त्याचाही काही उपयोग झाला म्हणायचा. वरून हुकूम आला तो असा. परत आलेल्या दर शंभर मशिनांतली वीस दुरुस्त करून शिवण शिकवणाऱ्या वर्गांना फुकट द्यायची. उरलेली ऐंशी भट्टीत, आणि भोक आता योग्य जागी. वीस कुठली ते मिस्त्री ठरवील. गोदामातली शंभर मॅडमनी स्वतः उभं राहून निकाली काढावीत.

"वीस!" मिस्त्री म्हणाला. "शंभरातली सत्तर तरी धड असतात हो."

"चाळीस मागितली होती मी," मॅडम म्हणाल्या. "नवी खपली नाहीत तर हे सेंटर चालणार नाही, तुमचा-माझा पगार निघणार नाही, असं म्हणाले. आणि ते काही खोटं बोलत नव्हते, मिस्त्री. तेच तर अवघड आहे."

दोन दिवस मिस्त्री निवडत बसला. एकेक मशीन उघडायचं, चाक फिरवायचं, कान लावायचा, डावीकडे ठेवायचं. थोड्या वेळाने उठून डावीकडचं उजवीकडे आणायचं आणि उजवीकडचं डावीकडे. आजवर त्याने ठिपक्याला हसून घेतलं होतं, कागदावर ठरवणाऱ्यांना नावं ठेवली होती. आता ठरवायचं होतं त्याला, आणि ठरवताना त्याच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. पिशव्यावाल्या बाईंचा निरोप आला होता, त्यांच्या आळीतल्या दोघी-तिघींना मशीन हवंय म्हणून. त्याला निरोपाचं उत्तर देववेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीस झाली. त्याने भिंतीवरचं जुनं चित्र काढून ठेवलं, खडू घेतला आणि एकविसावं मशीन समोर ओढलं. झाकणी उघडली. नऊ तारखा. चार त्याच्या, पाच त्रिकोणाच्या. सगळ्यांत वरची तारीख तो कामाला लागला त्या वर्षाची. याच मशीनवर मोठ्या मिस्त्रींनी त्याला पहिल्यांदा शटल बसवायला शिकवलं असेल, नसेल, कोण जाणे. चाक फिरवलं तर आवाजसुद्धा नाही. त्याने कापसाने आतली धूळ पुसली आणि तेलाचे दोन थेंब सोडले.

मग खडूने वरच्या आडव्या भागावर, जिथून मुख्य शाफ्ट जातो तिथे, एक फुली मारली. ड्रिल उचललं. टोक फुलीवर टेकवलं. आणि तसाच बसून राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. एकतीस वर्षं न थकलेला हात जागचा हलेना.

मॅडम शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठल्या. ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला गच्च बांधली.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हे तुमचं काम नाही."

"माझंच आहे. योजना माझी, चित्र माझं. भोकं मात्र तुम्ही पाडायची, असं किती दिवस चालेल? कसं धरायचं तेवढं दाखवा."

मिस्त्रीने दाखवलं. डावा हात असा, उजवा असा. दाबायचं नाही, ड्रिलला त्याच्या वजनाने जाऊ द्यायचं. शाफ्ट लागला की आवाज बदलतो, घाबरायचं नाही.

"तेल घातलंत?" मॅडमनी विचारलं.

"घातलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

पहिल्यांदा टोक घसरलं. मग धरलं. लोखंडाचा कीस गोल गोल वर येत राहिला आणि फुली पुसली गेली. मग आवाज बदलला, शाफ्ट लागला. मॅडमनी दात आवळून धरले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात सोडला नाही. आरपार गेल्यावर त्यांनी ड्रिल बंद केलं आणि टेबलावर ठेवलं. मिस्त्रीने चाकाला हात लावला. चाक अर्धा इंच हललं आणि अडलं. सुई जिथे होती तिथेच राहिली.

 बाहेर पावतीशेठ कुणाला तरी पावती फाडून देत होता.

मिस्त्रीने झाकणी उचलली, सवयीने टोच्या घेतला आणि नवव्या तारखेखाली आजची तारीख कोरली. दोन रेघा ओढायला हात पुढे नेला आणि थांबला. मग त्याने झाकणी फिरवून मॅडमपुढे ठेवली आणि टोच्या त्यांच्या हातात दिला.

"काम ज्याने केलं त्याची खूण," तो म्हणाला.

मॅडमनी विचार केला. मग तारखेपुढे, सावकाश, त्यांनी एक लहानसं वर्तुळ कोरलं. पहिल्या चित्रातल्या ठिपक्याएवढंच. मिस्त्रीने झाकणी लावली, स्क्रू आवळला, आणि पुढचं मशीन टेबलावर घ्यायला दोघेही उठले.